अंगठ्याची नाडी

सव्वीस वर्षं मी कागदाला अंगठा लावला.
चार नंबरच्या मशीनवरून रीळ उतरलं
की कडेचा तुकडा फाडायचा, चिमटीत धरायचा
आणि सांगायचं: बावन्न ग्रॅम.
किंवा: ओल जास्त आहे, थांबवा.
वजनकाटा मागाहून यायचा,
आणि बहुतेक वेळा माझ्याच बाजूनं बोलायचा.

मग फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी, बाहेर उणे एकवीस,
मी राजीनामा दिला.
गिरणी बंद पडली नव्हती. कोणी काढलंही नव्हतं.
नेमकं हेच कोणाला पटेना.
कँटीनमध्ये योर्मानं विचारलं, "मार्युत, आजारी आहेस?"
आईच्या शेवटच्या चार महिन्यांत
तिला कुशीवर वळवणारे परके हात मी बघत बसले होते,
आणि मला ते हात हवे होते.
पण सायमाच्या काठी, सरोवर गोठलेलं असताना,
असलं काही कोणी मोठ्यानं बोलत नाही.
म्हणाले, "नाही रे, बरी आहे."

नोकरी कचेरीच्या फॉर्मवर एक प्रश्न होता:
तुम्हाला काय काय येतं?
खाली चार ओळी मोकळ्या.
मी कागद चिमटीत धरून पाहिला.
ऐंशी ग्रॅम. आपल्याकडचा नव्हे.
तेवढंच येत होतं. ओळी तशाच सोडल्या.

वर्गात सगळी एकोणीस-वीसची.
शिकवणारी सातू माझ्याहून अकरा वर्षांनी लहान.
पहिल्याच दिवशी नाडी बघायची होती.
मी सवयीनं अंगठा टेकवला.
"अंगठा नको," ती म्हणाली,
"अंगठ्याला स्वतःची नाडी असते.
पेशंटच्या ऐवजी तू स्वतःलाच मोजत बसशील."
पोरं हसली. वाईट नव्हती ती, हसण्यासारखंच होतं.
पन्नाशी ओलांडून मी अंगठाबहाद्दर,
आणि आता अंगठाही बाद.

दोनदा असं झालं, की पहाटे गाडी
आपोआप गिरणीच्या फाटकाशी जाऊन थांबली.
पहारेकऱ्यानं हात केला, मीही केला,
आणि बर्फात तशीच मागे घेतली गाडी.
एकदा टॉवेल हुंगला तर नुसता साबणाचा वास.
तो कुजकट गंधक, ज्याला आमच्या गावात पैशाचा वास म्हणतात,
घरातून कधी निघून गेला कळलंच नव्हतं.
न्हाणीच्या दारात बसून रडले.
त्याची आठवण येईल असं कोणाला वाटलं असतं.

ऑक्टोबर. वृद्धाश्रम. खोली नऊ.
वेइक्को, वय एक्क्याण्णव, जन्मभर ओंडके वाहणारा ट्रक हाकलेला.
बरोबरची मुलगी, आदा, त्याच्या हातावरची पट्टी काढत होती,
सुटीत बघावी तशी घाईनं.
माझं लक्ष पट्टीकडे नव्हतं, खालच्या कातडीकडे होतं.
चाळीस ग्रॅम. फार तर बेचाळीस.
धागा मनगटाकडून कोपराकडे,
आणि ती आडवी ओढत होती.

"थांबवा."

आवाज मशीनवरचा होता.
पाच सेकंद कोणी हललं नाही, वेइक्कोसुद्धा.
मग मी पट्टी ओली केली, कडेची कातडी बोटानं दाबून धरली,
आणि धाग्याच्या दिशेनं, चार मिनिटं लावून,
सोडवली. कुठे फाटलं नाही.
"तुला कसं कळलं?" आदानं विचारलं.
गिरणीची सगळी गोष्ट तोंडाशी आली होती.
"मला येतं ते," एवढंच म्हणाले.
वेइक्को म्हणाला कॉफी कुठाय.

लगेच काही बदललं नाही.
त्याच दुपारी मी गोळ्यांचा ट्रे सांडला,
आणि गुरुवारच्या औषधांच्या हिशेबात पुन्हा नापास झाले.
पुढच्या महिन्यात परत बसायचं आहे.

पण रात्री, दिवा मालवल्यावर,
मी डाव्या मनगटावर उजवा अंगठा टेकवते.
सातूनं बजावलंय ते ठाऊक आहे.
दोन ठोके एकमेकांत मिसळतात, कुठला कुणाचा कळत नाही.
मिनिटभर मोजते.
काल चौऱ्याहत्तर भरले.
आकडा चुकीचा असेल.
वहीत लिहून ठेवला.